बदली संशयित

ज्या वर्षी आमच्या कावेरीचं लग्न ठरलं, मोडलं आणि पुन्हा त्याच मुलाशी ठरलं, त्या वर्षी सरकारच्या ध्यानात आलं की माणसाच्या हातात बंदूक असणं धोक्याचं नाही. ती बंदूक कुठल्याच वहीत नसणं धोक्याचं आहे. कावेरी माझी नात. तिचं लग्न मोडण्याचा या हकिकतीशी काही संबंध नाही. साल लक्षात राहावं म्हणून सांगितलं.

त्याआधी खाजगी हत्यारबंद टोळ्यांना बंदी होती. बंदीचा तोटा असा की टोळ्या असतात, पण कागदावर दिसत नाहीत, आणि जे कागदावर दिसत नाही त्याला सरकार शिस्त लावू शकत नाही. म्हणून 'खाजगी सशस्त्र गट (नोंदणी, शिस्त व नागरी स्वातंत्र्य) नियमावली' आली. पहिल्याच पानावर टोळीचा गट झाला. दुसऱ्या पानावर गटाला शिक्का मिळाला. एकूण नियम एकसष्ट. त्यांतले चाळीस शस्त्रांबद्दल, सोळा शिक्क्यांबद्दल आणि पाच नागरिकांच्या स्वातंत्र्याबद्दल. हे पाच जाड अक्षरांत छापले होते. बाकीचे छप्पन्न बारीक अक्षरांत असून लागू होते.

मी नियमावली तीनदा वाचली. अक्षरं मी एक्कावन्नाव्या वर्षी सुनेकडून शिकलो, ती जेव्हा कावेरीला शिकवत होती तेव्हा, एकाच पाटीवर. तेव्हापासून हातात आलेला कागद छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचायची सवय आहे.

आमचा शरावती लेआउट के. आर. पुरमला, शहराच्या पूर्व टोकाला, स्टेशनच्या मागच्या अंगाला. चौसष्ट घरं. बहुतेक मंडळी पुण्या-सांगली-नागपूरकडची, सरकारी कारखान्यांत आणि संशोधनात जन्म घालवलेली. कुणी रडारवर काम केलं, कुणी इंजिनांवर. तीस-तीस वर्षं देशाचं संरक्षण करून निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे संरक्षण करायला चौसष्ट घरंच उरली. मी निपाणीकडचा. बावीस वर्षं त्यांच्या गेटवर वॉचमन होतो. माझं नाव अप्पासाहेब, त्यामुळे ज्यांना मी साहेब म्हणायचो तेही मला साहेबच म्हणायचे. लेआउटमध्ये समानता अशी जुनीच आहे.

संरक्षण दल स्थापन होण्याचं कारण म्हणजे मकरंदरावांच्या दोरीवरचा टॉवेल. तो एका रविवारी नाहीसा झाला. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच वॉशिंग मशीनमध्ये सापडला, पण तोवर दलाची कार्यकारिणी निवडून झाली होती. उपेंद्रराव प्रमुख, मकरंदराव शस्त्रप्रमुख (बंदूक त्यांच्याच सासऱ्यांची होती), प्रतिमाताई सचिव, आणि मी नोंदलेखक. नियमावलीप्रमाणे नोंदलेखक 'अक्षर सुवाच्य व स्वभाव शांत' असा हवा. निवृत्त इंजिनिअरांमध्ये दोन्ही एका ठिकाणी सापडेना.

दलाच्या शस्त्रांची यादी मीच केली: दुनळी बंदूक एक, काडतुसं चार (त्यांतलं एक ओलं), कबुतरांची छऱ्याची बंदूक एक, काठ्या अकरा, गणपतीच्या मिरवणुकीतली तलवार एक, क्रिकेटची बॅट एक. बॅटबद्दल शंका होती. पण नियम तीननुसार 'जे जड आहे, मुठीत धरता येते व माणसावर चालवता येते' ते शस्त्र. मकरंदरावांचे नातू त्या बॅटनं भावांवरच जास्त खेळायचे, तेव्हा ती घेतली.

नोंदणी सहज झाली. अडचण आली ती नियम चौदाची.

नियम चौदा मला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. तो म्हणतो की ज्या गटाला तिमाहीत किमान नऊ संशयित सापडत नाहीत त्या गटाला काम नाही. ज्याला काम नाही पण हत्यार आहे असा गट समाजाला घातक. सबब त्याची नोंदणी रद्द करून त्याच्यावर कारवाई व्हावी. यात चूक काढून दाखवा. मी पुष्कळ प्रयत्न केला.

पहिल्या तिमाहीत आम्ही बाहेरच्यांना अडवलं. घरपोच सामान आणणारे पाच, मीटर बघणारा एक, आणि उपेंद्ररावांचे मेहुणे, त्यांनी हेल्मेट घातलं होतं म्हणून. सातच झाले. पहिलीच तिमाही म्हणून नोंदणी खात्यानं ताकिदीवर सोडलं. शिवाय सामान आणणाऱ्यांनी यायचं बंद केलं, आणि चौसष्ट घरांत तीन दिवस दही नव्हतं. मेहुण्यांचा राग अजून गेलेला नाही. सभेत असं ठरलं की बाहेरचा माणूस उपयोगाचा असतो, त्याला संशयित करून भागणार नाही. संशयित घरचाच हवा.

म्हणून पाळ्या लावल्या. दर तिमाहीला नऊ घरं, प्रत्येक घरातून एक संशयित. त्यानं सोयीच्या वेळी गेटजवळ घोटाळायचं, दलानं अडवायचं, जनरेटरच्या खोलीत अर्धा तास बसवायचं (अर्ध्या तासापेक्षा कमी असेल तर तो अटकाव न धरता गप्पा धरल्या जातात), मी नोंद करायची, संपलं. सगळ्यांनी हात वर केले. एकमतानं झालेला ठराव लेआउटच्या इतिहासात तो पहिलाच.

पण पहिलं नाव निघालं अमितचं. तो बाहेरच्या रिंगरोडवरच्या कंपनीत आहे.

"अप्पासाहेब, मला कॉल आहे हो. शनिवारी पण कॉल आहे. कुणी बदली नाही मिळणार?"

बदली म्हटल्यावर मी लगेच म्हणालो, "मिळेल की."

ही माझी चूक. पण चूक म्हणता येईल का, ठाऊक नाही. गेटवर आम्ही बावीस वर्षं असंच केलं. एकाच्या घरी बाळंतपण, दुसरा त्याची पाळी करतो. वहीत नाव मात्र जो उभा आहे त्याचं लिहायचं, कारण उद्या काही झालं तर खरा कोण उभा होता हे कळायला हवं. संशयिताच्या वहीतही मी तेच केलं. जो खोलीत बसला त्याचं नाव लिहिलं.

गेटजवळच करंजाच्या झाडाखाली परसूची इस्त्रीची गाडी. अथणीकडचा माणूस, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी धाकटा. बायको गंगव्वा, दोघं मिळून चौसष्ट घरांचे कपडे करायचे, कोळशाच्या इस्त्रीवर. मी त्याला विचारलं.

"अर्धा तासच ना, अण्णा?"

"अर्धा तास."

"बसायला काय असतंय?"

"खुर्ची आहे. प्रतिमाताई कॉफी देतात."

"मग काय. तीस वर्षं उभाच हाय मी," परसू म्हणाला. "गंगव्वा, तू बघ गं स्वल्प. मी संशयित होऊन येतो."

"जा की," गंगव्वा म्हणाली. "घरात तर कधी कुणी तुमच्यावर एवढं ध्यान दिलं नाही."

बदल्यात लेआउटनं गाडी झाडाखाली कायम राहू देण्याचं कबूल केलं. म्हणजे ती होतीच. पण आता ती कबुलीनं होती.

इथे नागरी स्वातंत्र्याचे पाच नियम सांगायला हवेत, कारण ते आम्ही एकदाही मोडले नाहीत. एक: संशयिताला पाणी द्यावे. दोन: खोलीला खिडकी असावी (आमची खिडकी होती, तिच्यात एक्झॉस्ट पंखा बसवला होता). तीन: संशयिताला गटाविरुद्ध तक्रार करता यावी. त्यासाठी पेटी होती आणि पेटीची किल्ली उपेंद्ररावांकडे. चार: कोणाही एका माणसाच्या हाती दुसऱ्याचे पूर्ण स्वातंत्र्य असू नये, म्हणून खोलीला दोन कुलपं आणि दोन किल्ल्या, दोन वेगळ्या माणसांकडे. एक प्रमुखाकडे, एक नोंदलेखकाकडे. पाच: आत जाण्यापूर्वी संशयिताने 'माझे स्वातंत्र्य अबाधित आहे' या कागदावर स्वतः सही करावी. अंगठा चालणार नाही, कारण अंगठा कुणी धरून उमटवू शकतो.

परसूला सही येत नव्हती. ती मी शिकवली. इस्त्रीच्या टेबलावरच्या चादरीवर ओल्या बोटानं अक्षर काढायचं. चुकलं की त्यावरून इस्त्री फिरवायची, वाफ होऊन जायची. आठ दिवसांत तो 'परसू' लिहू लागला. आयुष्यात त्यानं पहिल्यांदा सही केली ती आपलं स्वातंत्र्य अबाधित असल्याबद्दल. कागद गंगव्वाला दाखवून आणला. तिनं तो उलटा धरून बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "सरी, ठीक. बरं दिसतंय."

मग अमितची पाळी झाली, तशी मकरंदरावांच्या जावयाची झाली, डॉक्टरीणबाईंची झाली. कुणाचे गुडघे दुखत होते, कुणी अमेरिकेत होतं. एका घरानं सांगितलं की त्यांच्यात चातुर्मासात बंद खोलीत बसत नाहीत. पाळ्यांच्या पहिल्या तिमाहीचे नऊच्या नऊ परसू. पुढच्या दोन्ही तिमाह्यांचे नऊ-नऊही परसू. मी प्रतिमाताईंना म्हणालो, एकच नाव सारखं येतंय. त्या म्हणाल्या, "अहो, कन्सिस्टन्सी चांगलीच ना. खातं खूश आहे आपल्यावर."

खातं खरंच खूश होतं. डिसेंबरच्या मध्याला पत्र आलं. नियम सव्वीसनुसार तीन अटकावांना 'क' वर्ग, नऊला 'ब', अठराला 'अ' आणि सत्ताविसाला 'विशेष'. साऱ्या पूर्व भागात असा विशेष संशयित आमच्याच लेआउटला सापडला होता. उपेंद्ररावांचा सत्कार झाला. दुसऱ्या लेआउटची माणसं बघायला आली. परसू त्यांच्यासमोर उभा राहिला आणि त्यांच्या शर्टांच्या कॉलरीकडे बघून, कपडे कुठे करता, असं त्यानं विचारलं. दलाला दुसरी बंदूक ठेवायची परवानगी मिळाली. कारण उघड आहे: इतका धोकादायक माणूस गेटवरच असताना एक बंदूक पुरणार कशी?

विशेष वर्गाला के. आर. पुरमची हद्द सोडता येत नाही. हे बारीक अक्षरांत होतं, पण होतं. मी वाचलेलं होतं.

कावेरीचं लग्न डिसेंबरअखेरीस चामराजपेटच्या कार्यालयात झालं. वऱ्हाडाच्या साड्या आणि फेटे परसूनं केले. तो लग्नाला आला नाही. "अण्णा, हद्द हाय," तो म्हणाला, जसं कुणी 'ताप हाय' म्हणतं.

जानेवारीत त्याची लेक चंपा अथणीला बाळंत झाली. मुलगा. परसू माझ्याकडे आला.

"चार दिवस जाऊन येतो, अण्णा. बारसं हाय."

मी अर्ज भरला. हद्द सोडायला तीन सह्या लागतात: प्रमुखाची, नोंदलेखकाची आणि खात्याच्या विभागीय अधिकाऱ्याची. माझी सही मी लगेच केली. उपेंद्ररावांनीही केली, वर 'माणूस सज्जन आहे' असंही लिहिलं. विभागीय अधिकाऱ्याची जागा रिकामी होती. ती भरायची जाहिरात निघाली होती.

बारसं झालं. परसूनं ते फोनवर बघितलं.

"माझं नाव खोडून टाका की तुम्ही," तो म्हणाला.

"खोडता येत नाही, परसू. नोंदवहीत खाडाखोड केली तर गटाची नोंदणी जाते."

"मग मी सांगतो साहेबांस्नी. मी काय केलं नाही म्हणून."

"तोंडी चालत नाही. फेरविचाराचा अर्ज हवा. संशयितानं स्वतःच्या हातानं लिहिलेला. भाषा कुठलीही चालते."

परसूनं बादलीत बोट बुडवलं. मग तो चादरीजवळ गेला. "सांगा. पहिलं अक्षर कुठलं?"

'मी संशयित नाही.' एवढं एकच वाक्य, पण त्याला सहा आठवडे लागले. अनुस्वार तो विसरायचा. मग इस्त्री फिरवायची. गिऱ्हाइकं म्हणायची, परसू हल्ली कपड्यांना उशीर का होतो? गंगव्वा सांगायची, "शाळेत जातंय ते." फेब्रुवारीच्या वहीत एक रकाना होता: संशयिताच्या वागण्यात अचानक झालेले बदल. मी शांतपणे आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'लिहू लागला आहे.' खरं होतं ते. खात्याकडून उलट टपाली पत्र आलं की नोंद अत्यंत मोलाची असून या संशयितावर बारीक लक्ष ठेवावे.

मार्चमध्ये वार्षिक तपासणी लागली. तपासणी अधिकारी महांतेश म्हणून होते, सभ्य गृहस्थ. त्यांच्या हातात अर्ज द्यायचा असं परसूनं ठरवलं. चारदा घडी घालून तो शर्टाच्या खिशात ठेवला. त्या दिवशी त्यानं स्वतःचा शर्टही इस्त्री केला. एरवी करत नसे.

महांतेशसाहेबांनी काठ्या मोजल्या, बॅटबद्दल आमचं कौतुक केलं आणि अटकावाचं प्रात्यक्षिक बघायला मागितलं. मकरंदरावांनी बंदूक घेतली, परसूला गेटवर अडवलं. परसूनं सही केली. पाणी दिलं. खिशातला कागद काढून तो म्हणाला, "साहेब, माझा अर्ज."

"जरूर," महांतेशसाहेब म्हणाले. "पण अटकाव चालू असताना अर्ज घेता येत नाही. दबावाखाली दिला असं होईल. सुटल्यावर द्या." यातही मला चूक काढता आली नाही.

दोन्ही कुलपं लागली. सव्वाबारा वाजले होते. आता अर्धा तास आहेच, तर साहेबांना मल्लेश्वरमला डोसा खायला न्यावं असं कुणीतरी सुचवलं. रविवार होता, रस्ता मोकळा असेल. सगळे गेले. उपेंद्ररावांची किल्ली उपेंद्ररावांच्या खिशात गेली.

पाऊण वाजता मी माझं कुलूप काढलं आणि दुसऱ्याची वाट बघत बसलो. एकला पाच मिनिटं कमी असताना आतून परसू म्हणाला, "अण्णा, छातीत कसं तरी होतंय."

मी उपेंद्ररावांना फोन लावला.

"निघालोय हो, टिन फॅक्टरीच्या सिग्नलला अडकलोय. वीस मिनिटं. त्याला पाणी द्या."

"पाणी आत आहे."

"मग झालं तर."

मी पुन्हा फोन लावला आणि कुलूप तोडू का विचारलं. ते म्हणाले, नियम बघा. नियम एकोणीस दारावरच चिकटवला होता. मी वाचू लागलो. 'शासनमान्य कुलूप प्रमुखाच्या अनुपस्थितीत भंग केल्यास तो गटाविरुद्ध सशस्त्र कृत्य समजण्यात येईल, परंतु' आणि मग त्या 'परंतु'च्या पुढच्या नऊ ओळी. मला चार मिनिटं लागली. 'परंतु'च्या शेवटी जिवाचा धोका असल्यास तोडावे असंच होतं. त्यासाठी वैद्यकीय दाखला लागत होता.

तोवर गंगव्वा आली. तिला वाचता येत नाही, त्यामुळे तिला एक मिनिट पुरलं. निखाऱ्यासकट साडेसहा किलोची इस्त्री तिनं कुलपावर तीनदा घातली. खोलीभर ठिणग्या उडाल्या. परसू खुर्चीवर होता, मान एका बाजूला, हात खिशावर. डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी बघितलं आणि दाखला दिला. म्हणजे तोडायला आता हरकत नव्हती.

पुढचं सगळं नियमानं झालं. दलाचा दोष निघाला नाही. पाचही स्वातंत्र्यं पाळली गेली होती, त्याची सही होती. महांतेशसाहेबांनी दोन मिनिटं उभं राहून मौन पाळलं. अर्ज मात्र त्यांना घेता आला नाही, कारण अर्जदार हयात हवा. तो माझ्याजवळ आहे. अनुस्वार बरोबर आहे. गंगव्वाच्या नावे सशस्त्र कृत्याची एक नोंद झाली, शस्त्र: इस्त्री. ती नोंदही माझ्याच अक्षरात आहे. गाडी कबुलीप्रमाणे अजून झाडाखाली आहे, इस्त्री खात्याच्या ताब्यात आहे. गंगव्वानं माझ्याशी बोलणं सोडलं. एकदाच म्हणाली, "अण्णा, किल्ली तुमच्याकडं बी होती की." माझं कुलूप मी वेळेवर काढलं होतं. तसं मी तिला सांगितलं.

आता या तिमाहीचे नऊ भरायचे आहेत, आणि बदली कुणी मिळत नाही.

तुम्हाला वाटत असेल, आमच्या सोसायटीत असलं काही नाही. गेल्या वर्षी तुम्ही पार्किंगच्या स्टिकरसाठी एक कागद भरून दिला होता, पाच पानांचा. चौथ्या पानावर, खालून तिसऱ्या ओळीत, काय आहे ते मी वाचलंय. तुमची सही त्याच्याच खाली आहे, छान वळणाची. तुम्ही लहानपणीच अक्षरं शिकलात, म्हणून वाचायची गरज पडली नाही. परसूनं त्या रविवारी केलेली सही त्याची एकतीसवी होती. चौसष्ट घरांनी तुमच्यासारख्याच, न वाचता, त्याआधीच केल्या होत्या.

परसू, राहणार करंजाचं झाड, शरावती लेआउट, कावेरीच्या लग्नानंतरच्या तिसऱ्या महिन्यात, सोळा मार्चला, रविवारी, दुपारी एक वाजता जनरेटरच्या खोलीत वारला.